खत मातीत आहे, मग माडाला का पोचत नाही?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे. ओढ्याकाठचं जुनं कुळागर. माड, पोफळी, मिरी, केळी. पहिल्या पावसाबरोबर ते दर माडाला शेणखत, एक किलो युरिया आणि दोन किलो 15:15:15 (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 15 टक्के असलेलं मिश्रखत) असं वर्षाचं सगळं एकदाच घालतात. तरी माडांची खालची चुडतं, म्हणजे झावळ्या, टोकाकडून नारिंगी-पिवळी होऊन करपतात. ओढ्यालगतच्या सखल भागातल्या पोफळी सगळ्याच फिकट दिसतात. घरामागची जुनी चुन्याची भिंत पाडली त्या जागी अबोली लावली आहे, तिची नवी पानं पांढुरकी-पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. माती तपासणीत लोह भरपूर आलं आहे, आणि तरी अबोलीला लोहच कमी पडतंय असं त्यांना कोणी सांगितलं. ते विचारतात, लोहानं लाल झालेल्या मातीत लोह कमी कसं पडेल? आणि झाड खत घेतं तरी कसं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे. मातीत द्रव्य असणं, ते मुळापाशी येणं, मुळाच्या आत शिरणं आणि वर हव्या त्या पानात पोचणं या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आपण घालतो फक्त मातीत. पुढचे तीन टप्पे झाडाला स्वतःच्या ताकदीवर पार करावे लागतात, आणि तुमच्या तीन तक्रारी या तीन वेगळ्या टप्प्यांवरच्या आहेत. म्हणून तिन्हींवर ‘अजून थोडं खत’ हा एकच उपाय चालणार नाही.

झाड शेणखत जसंच्या तसं घेत नाही. युरियाचाही फार थोडा भाग थेट आत जातो. मुळं घेतात ते मुख्यतः पाण्यात विरघळलेले, विद्युतभार असलेले कण, म्हणजे आयन. नत्र नायट्रेट किंवा अमोनियम या रूपात, स्फुरद फॉस्फेटच्या रूपात, पालाश पोटॅशियमच्या रूपात. शेणखतातलं नत्र जिवाणूंनी आधी त्या रूपात आणून द्यावं लागतं. मातीतून घ्यायची अशी 14 मूलद्रव्यं आहेत. एखादं मूलद्रव्य अत्यावश्यक केव्हा म्हणायचं याच्या कसोट्या आर्नन आणि स्टाउट या शास्त्रज्ञांनी 1939 मध्ये ठरवल्या. त्या यादीत शेवटी आलेलं निकेल तर 1987 मधलं आहे. प्रमाणांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक किलो सुक्या पानात साधारण 15 ग्रॅम नत्र लागतं, तर मॉलिब्डेनम एक मिलिग्रॅमचा दहावा भाग. पण ते तेवढं नसेल तर मुळांनी घेतलेल्या नायट्रेटचं रूपांतर करणारं विकरच (एन्झाइम) चालत नाही आणि पान नत्राविना राहिल्यासारखं पिवळं पडतं.

आता मुळापाशी येण्याबद्दल. पानांतून पाणी उडून जातं, त्या ओढीनं मातीतलं पाणी मुळाकडे सरकतं आणि त्यात विरघळलेलं नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आपोआप मुळाशी येतं. स्फुरद आणि पालाश यांचं असं होत नाही. मातीतल्या पाण्यात ते इतके विरळ असतात की नुसत्या प्रवाहानं गरज भागत नाही. जास्त साठ्याकडून कमी साठ्याकडे विसरणानं त्यांना सरकावं लागतं. फॉस्फेट तर इतकं सावकाश सरकतं की मुळाभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला की पलीकडचं स्फुरद असून नसल्यासारखं होतं. बहुतेक झाडं यावर मुळांना केसासारखे मूलरोम फोडतात आणि तो पट्टा ओलांडतात.

माड आणि पोफळ यांच्या मुळांना मूलरोम नसतात! ही गोष्ट कुळागर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं. माडाला सोटमूळ नाही, बुंध्यातून फुटलेली बोटाएवढी जाड हजारो मुळं आहेत आणि शोषणाचं काम त्यांच्या बारीक फांद्यांची कोवळी टोकं करतात. मूलरोमांची उणीव भरून काढते ती मुळांत शिरून राहणारी मायकोरायझा बुरशी. तिचे तंतू मुळापासून कितीतरी सेंटिमीटर दूर जाऊन स्फुरद आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. दरवर्षी कुदळीनं आळं खोल खणून काढलं की ही कोवळी टोकं तुटतात आणि तंतूंचं जाळं फाटतं. आळं उथळ काढावं, वरून पालापाचोळा आणि चुडतांचे तुकडे पसरावेत आणि खत बुंध्याला टेकवून न घालता सुमारे 1.8 मीटरपर्यंतच्या वर्तुळात पसरून द्यावं. माडाची कामाची मुळं बहुतेक त्याच परिघात असतात.

आपल्या मातीचा स्वभावही इथंच सांगतो. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. हजारो वर्षं असा पाऊस झेलून तयार झालेली ही जांभ्याची माती आहे. तिच्यात उरलाय तो मुख्यतः केओलिनाइट प्रकारचा चिकण भाग आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं. पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम हे धनभारित आयन धरून ठेवायची या मातीची ताकद फार कमी. त्यामुळे जूनच्या सुरुवातीला एकदाच घातलेला पालाश जुलैच्या झडीत मुळांच्या खाली निघून जातो. युरियाचं नायट्रेट झालं की तेही त्याच वाटेनं जातं, आणि ते रूपांतर होताना जमीन आणखी आम्लधर्मी होते. स्फुरदाची गत उलटी. ते वाहून जात नाही, लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. सामू (pH) 5 च्या आसपास किंवा खाली गेला तर ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोकंच खुंटवतो, मग पुढचं सगळं लंगडं होतं. आपल्याकडे धनभारित आयन धरून ठेवण्याचं बरंचसं काम सेंद्रिय पदार्थ करतात. शेणखताची खरी किंमत मला त्यातल्या नत्रापेक्षा या गुणासाठी जास्त वाटते.

आता मुळाच्या आत शिरण्याचा टप्पा. माझ्या मते सगळ्या विषयातला हाच सर्वांत सुंदर भाग आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

मुळाच्या पेशीभोवती तेलकट पटल असतं. विद्युतभार असलेला आयन त्यातून आपसूक जाऊ शकत नाही. त्यातून बाहेरच्या पाण्यात पोटॅशियम अगदी विरळ आणि पेशीच्या आत त्याच्या कित्येक पटींनी दाट. म्हणजे आयन चढावर न्यायचा असतो. त्यासाठी पटलात एक पंप असतो. श्वसनातून मिळालेली ऊर्जा खर्चून तो सतत प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, बाहेर फेकतो. त्यामुळे पेशीची आतली बाजू ऋणभारित होते, साधारण उणे 120 ते 180 मिलिव्होल्ट. एवढ्याशा पेशीत हा दाब केवढा प्रभावी असतो पाहा. 120 मिलिव्होल्टच्या जोरावर पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा शंभरपट दाट होईपर्यंत पटलातल्या खास आपल्यासाठीच्या वाहिनीतून, म्हणजे प्रथिनाच्या अरुंद बोगद्यातून, आत ओढला जाऊ शकतो. नायट्रेट आणि फॉस्फेट ऋणभारित असल्यामुळे त्यांना आतला ऋणभार उलट ढकलतो. म्हणून ते बाहेर फेकलेल्या प्रोटॉनच्या सोबतीनं, वाहक प्रथिनांमार्फत आत येतात. मातीत पोटॅशियम फारच कमी झालं तर तोही याच पद्धतीनं घेतला जातो.

या वाहकांची संख्या मर्यादित असते. एमान्युएल एप्स्टाइन आणि हेगन यांनी 1952 मध्ये सातूच्या मुळांवर हे दाखवलं. बाहेर पोटॅशियम वाढवत नेलं तर शोषणाचा वेग आधी भराभर वाढतो आणि मग एका मर्यादेशी येऊन थांबतो, विकरांच्या क्रियेत होतं तसंच. शेतकऱ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा की एका दिवशी खूप घातलेलं खत झाड एका दिवशी घेऊ शकत नाही. उरलेलं पावसाचं होतं.

वाहिन्यांची निवडही थक्क करणारी आहे. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी पोटॅशियमच्या वाहिनीतून तो सहसा जाऊ शकत नाही. वाहिनीच्या अरुंद भागातले ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमच्या मापाला नेमके बसतील असे रचलेले असतात. लहान सोडियमला ते सगळीकडून टेकत नाहीत, म्हणून अंगाभोवतीचं पाणी सोडून आत येणं त्याला परवडत नाही. जिवाणूतल्या अशा वाहिनीची रचना रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये उलगडली आणि 2003 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वनस्पतींतल्या पोटॅशियम वाहिन्यांचा गाळणीचा भाग त्याच धाटणीचा आहे.

आयन पेशीत न शिरता पेशींच्या भिंतींमधल्या ओल्या वाटेनं मुळाच्या बऱ्याच आतपर्यंत जाऊ शकतात. पण मधल्या, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांच्या गाभ्याभोवती पेशींचं एक कडं असतं, अंतस्त्वचा. तिच्या पेशींच्या भिंतींत लिग्निनची एक पट्टी असते. रॉबर्ट कास्पारी यांनी 1865 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला कॅस्पेरियन पट्टी म्हणतात. ती पेशींमधली फट पूर्ण बुजवते. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला, बांध आणि त्यातली मानस, म्हणजे पाण्याचं दार, यांची जोडी गोव्यात सगळ्यांनी पाहिलेली आहे. ही पट्टी म्हणजे तो बांध, आणि पेशीच्या पटलातले वाहक म्हणजे मानस. बांध असल्यामुळेच जे काही आत जायचं ते मानशीतूनच जातं आणि मिळवलेलं पुन्हा बाहेर गळून जात नाही.

हे सगळं ऊर्जेवर चालतं आणि ऊर्जा मुळांच्या श्वसनातून येते. श्वसनाला ऑक्सिजन लागतो. तुमच्या सखल भागातल्या पोफळींची तक्रार इथली आहे. ओढ्यालगत जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मातीच्या पोकळ्यांत पाणी तुंबतं. पाण्यातून ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजारपट सावकाश पसरतो. पंप मंदावतो, टोकं मरतात. भोवती खत भरपूर असतं आणि झाड उपाशी असतं. अशा जागी खत वाढवलं तर फायदा नाहीच, ते ओढ्यात जातं. पोफळींच्या ओळींमधून पाट काढा आणि तो लागवडीच्या खड्ड्याच्या तळापेक्षा वीतभर खोल ठेवा. दोन पावसाळे पाट वाहता राहिला की नवी मुळं फुटतात आणि पानांचा रंग बदलतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. पोफळीत पिवळेपणाचा एक रोगही आहे, फायटोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होणारा. सुपारी फोडल्यावर गर काळपट निघत असेल आणि चांगल्या निचऱ्याच्या जागेतली झाडंही तशीच पिवळी होत असतील, तर खत आणि पाटाचा विचार बाजूला ठेवून कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात झाड दाखवा.

भाताला मात्र तुंबलेलं पाणी चालतं. त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, पानांतला ऑक्सिजन त्यांतून खाली जातो आणि थोडा मुळाबाहेरही झिरपतो. बाहेरच्या मातीत जिवाणूंनी तोवर लोहाचं न विरघळणारं रूप बदलून विरघळणारं केलेलं असतं. ते मुळाशी आलं की ऑक्सिजन लागून गंजतं आणि मुळावरच बसतं. सरद (खरीप) हंगामात भाताचं रोप उपटून मुळं धुवून पाहा, ती विटकरी तांबडी दिसतील. खाणपट्ट्यातून वाहून आलेली माती बसलेल्या शेतांत हे लोह इतकं होतं की मुळांची ही ढाल पुरत नाही. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके येऊन सगळं पान काशाच्या रंगाचं होतं. पालाश कमी असेल तिथे हा त्रास आणखी वाढतो. मधूनमधून शेतातलं पाणी काढून जमिनीला हवा देणं आणि पालाश पुरेसा ठेवणं, हे दोन्ही तिथे उपयोगी पडतं.

खाजनांबद्दलही दोन वाक्यं लिहिल्याशिवाय राहवत नाही. खाऱ्या पाण्यात सोडियम इतका असतो की तो दुसऱ्या वाहिन्यांतून, फटींतून मुळात शिरतोच. कोरगुटसारखं भात तिथेही तग धरून पिकतं. खारं पाणी सोसणाऱ्या भातांवरच्या अभ्यासातून दिसलंय की त्यांच्या मुळांतलं एक वाहक प्रथिन वर निघालेल्या रसातून सोडियम परत ओढून घेतं, तो पानापर्यंत जाऊच देत नाही. पानात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी ठेवणं हीच त्यांची कमाई. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेनं कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ मालिकेतल्या खारसहनशील जाती दिल्या, त्या याच गुणाच्या जोरावर.

आता अबोली. मातीत लोह भरपूर आहे ही तपासणी खरीच आहे. पण हवा खेळत्या मातीत ते गंजाच्या रूपात असतं आणि त्याचं विरघळणं सामूवर ठरतं. सामू एक अंकानं वाढला की या लोहाची विद्राव्यता हजारपट घटते. तुमच्या बाकीच्या जागेत सामू साडेपाच असेल, तर पाडलेल्या भिंतीच्या चुन्याच्या ढिगाऱ्यात तो आठापर्यंत सहज गेला असेल. अबोलीसारखी द्विदल झाडं लोह घेण्यासाठी मुळातून आम्ल सोडतात, मुळाच्या पृष्ठभागावर त्या लोहाचं रूप बदलतात आणि मग ते आत घेतात. चुन्यातून येणारं बायकार्बोनेट सोडलेलं आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतं. शेजारी गवत असेल तर ते बहुधा हिरवंगार दिसेल, कारण गवताच्या कुळाची रीत वेगळी आहे. ती मुळं लोहाला धरून आणणारी खास संयुगं बाहेर सोडतात आणि लोहासकट परत आत घेतात. जपानमध्ये ताकागी यांनी 1976 मध्ये हे प्रथम दाखवलं. चुन्याचा त्यांना अबोलीइतका अडसर होत नाही.

म्हणजे तुम्हाला सांगणारा माणूस चुकला नाही. फेरस सल्फेटची अर्ध्या टक्क्याची फवारणी, म्हणजे लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळच्या वेळी दिली तर आठवडाभरात पानं हिरवी होतील. पण पुढची कोवळी पानं पुन्हा पिवळी येतील, कारण आधीच्या पानांवर फवारलेलं लोह नव्या पानांकडे फारसं जात नाही. कायमचा उपाय म्हणजे अबोली तिथून हलवणं, नाहीतर तो ढिगारा हातभर खोल काढून तिथे कुळागरातली कुजलेल्या पाल्याची माती भरणं.

‘नव्या पानांकडे जात नाही’ हे का, ते समजण्यासाठी शेवटचा टप्पा बघायला हवा. आणि तुमच्या माडांचं दुखणं तिथेच आहे.

अंतस्त्वचेच्या आत गेलेले आयन पुन्हा वाहकांमार्फत जलवाहिन्यांत सोडले जातात. जलवाहिन्या म्हणजे मेलेल्या पेशींच्या पोकळ नळ्या. पानांतून पाणी उडतं, त्या ओढीनं नळीतला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. ही कल्पना डिक्सन आणि जॉली यांनी 1894 मध्ये मांडली आणि मूळ मुद्द्यात ती आजही टिकून आहे. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी 97 टक्क्यांच्या वर पानांतून उडून जातं. त्यासोबत आलेली खनिजं पानात राहतात. रात्री हवा दमट असली की ओढ थांबते, पण मुळं आयन सोडतच राहतात, त्यांच्यामागे पाणी शिरतं आणि खालून दाब तयार होतो. पावसाळ्यात तेऱ्याच्या (रानअळवाच्या) पानाच्या टोकाला सकाळी लोंबणारा थेंब दव नसतो. तो या दाबानं बाहेर आलेला रस असतो.

ही वाट एकाच दिशेची आहे, खालून वर, आणि ज्या पानातून जास्त पाणी उडतं तिकडे जास्त माल जातो. कोवळं पान, कळी, फळ यांतून पाणी फार कमी उडतं. त्यांचं पोषण दुसऱ्या वाटेवर असतं, रसवाहिन्यांवर. या जिवंत पेशींच्या नळ्या. मोठ्या पानांत तयार झालेली साखर त्यांत भरली जाते, तिच्यामागे पाणी शिरतं, दाब वाढतो आणि रस जिथे साखर वापरली जाते तिकडे ढकलला जातो. एर्न्स्ट म्युंख यांनी 1930 मध्ये मांडलेला हा सिद्धांत रेंदेराला, म्हणजे माडी काढणाऱ्याला, रोज हाताशी दिसतो. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, न उमलता बांधून तिचं टोक कापलं की दिवसचे दिवस सूर (माडी) गळत राहतो. तो दाबाखाली असलेला रसवाहिन्यांचा रस आहे, म्हणून गोड आहे, आणि त्यात पोटॅशियमही भरपूर आहे.

रसवाहिन्यांत कोणतं मूलद्रव्य चढू शकतं यावर पानाचं दुखणं वाचता येतं. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम सहज चढतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना आणि फळांना देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. कॅल्शियम जवळजवळ चढतच नाही, बोरॉन बहुतेक झाडांत नाही, लोह फार थोडं. त्यांची कमतरता कोवळ्या भागात दिसते. टोमॅटोच्या फळाचा खालचा भाग काळा पडून बसतो तो कॅल्शियम तिथवर न पोचल्यानं, आणि माडाचं नवं चुडत आखडलेलं, पाती टोकाशी वाकून आकड्यासारखी झालेली दिसली तर बोरॉनचा संशय घ्यावा.

तुमच्या माडांची खालची चुडतं टोकाकडून नारिंगी होऊन करपतात. ही पालाशाची भूक आहे, आणि आकडे तेच सांगतात. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेची फळत्या माडाची शिफारस आहे वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद, 1200 ग्रॅम पालाश. तुम्ही एक किलो युरिया आणि दोन किलो 15:15:15 घालता, म्हणजे नत्र 760 ग्रॅम, स्फुरद 300 ग्रॅम, पालाश फक्त 300 ग्रॅम. नत्र दीडपट, पालाश पावपट. तोही सगळा जुलैच्या पावसाच्या तोंडी. जादा नत्रानं नवी चुडतं जोमानं येतात, त्यांना पालाश हवा असतो, मातीत तो नाही, मग ती खालच्या चुडतांतून ओढतात. आणि माड फळांतूनही पालाश बाहेर पाठवत असतो. 100 मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, सोडणांत, म्हणजे नारळाच्या सालीत, तर पुष्कळच. नारळ विकले, सोडणं जाळली, की तेवढा पालाश कुळागराबाहेर गेला. सोडणं माडांच्या ओळींमध्ये चर खणून गाडली तर तो परत मिळतो, शिवाय उन्हाळ्यात ओल टिकते.

एक विनंती कळकळीनं करतो. अर्धवट पिवळी झालेली चुडतं सफाई म्हणून कापू नका. ती कुरूप दिसतात, पण त्यातला पालाश अजून वर जातो आहे. ती कापली की झाड त्याच्या वरच्या हिरव्या चुडतांवर हात घालतं आणि भूक वर सरकते. पूर्ण वाळून लोंबलेलं चुडतच काढा.

आता प्रमाण असं ठेवा: स्फुरदासाठी 15:15:15 दोन किलो चालू राहू दे, युरिया एक किलोवरून साडेचारशे ग्रॅमपर्यंत आणा आणि दीड किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) जोडा. त्यानं तिन्ही आकडे शिफारशीपाशी येतात. हे एकदम घालायचं नाही. एक तृतीयांश मेअखेरच्या पहिल्या सरींनंतर, दोन तृतीयांश सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरताना पण ओल असताना. पालाश वाढवला की मॅग्नेशियमचं शोषण दबतं, कारण दोन्ही धनभारित आहेत आणि पोटॅशियम चपळ आहे. म्हणून माडाला वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेटही द्या. मॅग्नेशियमची भूक वेगळी ओळखू येते. पातीच्या कडा गर्द पिवळ्या होतात, मधल्या शिरेलगत हिरवा पट्टा राहतो, आणि उन्हात असलेला भाग आधी पिवळा पडतो, सावलीतला मागून.

पोफळीला हाच हिशोब लहान प्रमाणात आहे: झाडाला वर्षाला 100 ग्रॅम नत्र, 40 स्फुरद, 140 पालाश, सोबत 12 किलो हिरवा पाला आणि तितकंच कंपोस्ट. पण सखल भागात पाट होईपर्यंत हे घालू नका. जमीन आम्लधर्मी असेल तर चुना किंवा डोलोमाइट माती परीक्षणात येईल त्या मात्रेनं द्या. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं म्हणून आपल्याकडे मला तो जास्त पसंत आहे. रॉक फॉस्फेट आम्लधर्मी मातीत हळूहळू छान विरघळतं, पण चुन्याच्या सोबत घातलं तर विरघळायला लागणारं आम्लच मारलं जातं. दोहोंत काही महिन्यांचं अंतर ठेवा.

माडाच्या आळ्यात मीठ घालायची जुनी रीत आहे, त्याबद्दलही तुम्ही ओघात विचारलं होतं. तिला आधार आहे. माडाला क्लोराइड इतर पिकांपेक्षा जास्त लागतं, त्याच्या पानांची रंध्रं उघडमीट करायला ते कामी येतं. पण तुम्ही म्युरेट ऑफ पोटॅश देणार असाल तर त्यातूनच पुरेसं क्लोराइड जातं, वेगळ्या मिठाची गरज नाही. मिश्र कुळागरात तर मीठ टाळाच, मिरी आणि केळीला ते सोसत नाही.

पुढच्या वेळी माडाच्या मातीबरोबर पानाचाही नमुना तपासायला द्या. वरून पूर्ण उघडलेलं पहिलं चुडत धरून मोजत खाली आलात की चौदावं चुडत लागेल, त्याच्या मधल्या भागातल्या दोन्ही बाजूंच्या काही पाती, त्यांचाही मधला तुकडा घ्यायचा. माडाला वर्षाला साधारण बारा-चौदा चुडतं येतात, म्हणजे हे वर्षभराचं चुडत असतं, ना कोवळं ना म्हातारं, म्हणून तेच मापाला धरतात. पिवळ्या पडलेल्या आणि हिरव्या अशा दोन्ही माडांचे नमुने वेगळे ठेवा. मातीचे नमुने आळ्यातून दोन खोलींवरून घ्या, वीतभर आणि त्याखाली आणखी वीतभर, आणि खत घालण्याआधी, एप्रिल-मे महिन्यात. अबोलीच्या जागेची माती तिसऱ्या पिशवीत. तिचा फक्त सामू काढून घेतला तरी पुरे.